पत्रेवाल्याचं गाव

माझा स्वभाव चौकस आहे. घरचे त्याला भोचकपणा म्हणतात, पण घरच्यांचं काय, माझ्यामुळे त्यांना आयत्या बातम्या कळतात आणि वर नावं मलाच ठेवतात. नवीन माणूस भेटला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मूळ गाव कुठलं? दुबईत हा प्रश्न तसा बिनकामाचा. इथे माणूस ओळखला जातो तो पासपोर्टावरून, नाहीतर राहायला कुठे आहे त्यावरून. माझं मात्र तेवढ्यावर भागत नाही. एखाद्याचं गाव कळलं की तो माणूस मला नीट बसलेला दिसतो. नाही कळलं तर तो आपला दारातच उभा आहे असं वाटत राहतं.

म्हणून अल क्वोजमधल्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी साहेबांनाही विचारलं.

साहेब म्हणजे आमचे वर्कशॉप मॅनेजर. इंग्रज, सत्तरीला टेकलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. दोन्ही हातांवर पत्र्याने कापल्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा. आमच्याकडे पत्र्याचं काम चालायचं. हॉटेलांच्या किचनमधले धूर ओढणारे हूड, एसीचे डक्ट, सिंक, टाक्या. साहेबांचा पिढीजात धंदा हाच, पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. मी कोटेशन, खरेदी आणि माणसांच्या व्हिसाचे कागद बघायचे. काचेच्या एकाच केबिनमध्ये आम्हा दोघांची टेबलं होती. चाळीस वर्षं गल्फमध्ये काढल्यामुळे त्यांच्या इंग्रजीत हिंदी आणि अरबी शब्द सहज येत. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत सांगते आहे, तेवढं सांभाळून घ्या.

"सर, तुमचं नेटिव्ह प्लेस कुठलं?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे जन्म कुठे झाला ते?"

"जन्म नाही हो. मूळ. तुमची माणसं जिथली, ते."

ते काचेतून बाहेर बघत राहिले. बाहेर बेंडिंग मशीनवर एक लांबलचक पत्रा हळूहळू काटकोनात वळत होता. तो पूर्ण वळल्यावर ते म्हणाले, "ठाऊक नाही."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्यांचे वडील पत्र्याचंच काम करायचे, जिथे काम निघेल तिथे बिऱ्हाड हलवायचे. कधी जहाजांची गोदी, कधी विमानांचा कारखाना, कधी बिस्किटांचे डबे. साहेबांचा जन्म एका ठिकाणी, शाळा तीन-चार ठिकाणी. आजोबांचीही तीच तऱ्हा. तिशीच्या सुमारास साहेब स्वतः गल्फला आले. लग्न झालं, ते टिकलं नाही. मूलबाळ नाही. असा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, माणसाने आपलं गाव असं हरवून कसं बसावं म्हणून.

आता माझ्या गावाबद्दल म्हणाल तर मी ते आयुष्यात दोनदाच पाहिलं आहे. सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पलीकडे. तिथे आमचं घर नाही, शेत नाही. पणजोबांनी गाव कधी सोडलं तेही कुणाला सांगता येत नाही. लग्नानंतर माहेरच्या कुलदैवताला जाऊन आले, पुढे मुलीला घेऊन एकदा गेले. उतारावर एक देऊळ, पुढे चिंच, आणि पायरीवर बसलेले एक आजोबा. त्यांनी माझं माहेरचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "मग आपलीच की." एवढ्या भांडवलावर मी जगाला गाव विचारत फिरते. मुलीलाही लहानपणी पाठ करून घेतलं होतं. तिचा जन्म इथला, दुबईतला, पण कुणी विचारलं की ती पाढा म्हटल्यासारखं गाव, तालुका, जिल्हा म्हणून दाखवायची आणि पुन्हा इंग्रजीत खेळायला पळायची.

साहेबांचा प्रश्न केबिनमध्ये तसाच पडून राहिला. वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात मालकांनी ठरवलं की वर्कशॉप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये न्यायचं. मोठी शेड, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, नवा मॅनेजर. साहेबांना मानाने निरोप द्यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा व्हिसा संपणार होता. इथे एखादा फ्लॅट विकत घेतलेला असता तर राहण्याची काहीतरी सोय झाली असती, पण साहेब जन्मभर भाड्याच्या घरात राहिले. त्यांना जायलाच हवं होतं. आणि कुठे, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की अल क्वोजच्या शेडची छपरं दिसत नव्हती, नुसते दिवे अधांतरी लटकल्यासारखे वाटत होते. साहेब उशिरा आले. कोट खुर्चीला अडकवत म्हणाले, "काल इंग्लंडचा नकाशा उघडून बसलो होतो. बोट कुठे ठेवावं तेच कळेना. विमानतळावर उतरलो की टॅक्सीवाला विचारणार, कुठे जायचं. मी त्याला काय सांगू?"

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. आपल्यावरही एक दिवस ही वेळ येणार आहे हे दुबईतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी म्हणाले, "सर, माणूस आहे म्हणजे त्याचं गाव असतंच. मी शोधून देते."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. गल्फमध्ये हा शब्द होकाराला वापरतात आणि नकारालाही. त्यांचा कुठला होता कुणास ठाऊक.

शोधायला आम्ही शुक्रवारची दुपार धरली. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निम्मं वर्कशॉप निघून जायचं, उरलेले सावलीत आडवे व्हायचे, आणि मशीनं थांबायची. आठवडाभर सतत ठोकठोक ऐकलेल्या कानांना ती शांतता आधी खरीच वाटायची नाही. अर्ध्या उघड्या शटरमधून ऊन आत यायचं, झिंकच्या पत्र्यांच्या थप्पीवर पडायचं आणि छतावर त्याचे कवडसे हलायचे. खाली पाणी साठलं आहे असा भास व्हायचा. लांबून मशिदीतल्या प्रवचनाचा, खुतब्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. अशा वेळी आम्ही दोघं एका स्क्रीनसमोर बसून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हाका मारत असू.

इंग्रजांनी आपली जुनी दप्तरं इंटरनेटवर आणून ठेवली आहेत. जनगणना, लग्नं, बारशी, मृत्यू. मला या कामाची गोडी लागायला वेळ लागला नाही. साहेबांचे वडील सापडले, आजोबा सापडले. प्रत्येकाच्या नावापुढे धंदा लिहिलेला, पत्र्याचं काम. आजोबांच्या घरात त्या वर्षी पाच मुलं आणि एक भाडेकरू होता. मला लगेच स्वयंपाकघर दिसायला लागलं, दाराशी वाळत घातलेले कपडे, आणि दिवसभर पत्रा ठोकून आलेला माणूस बहिऱ्यासारखा मोठ्याने बोलतो आहे. आमच्या फोरमनची बायकोही हीच तक्रार करते.

साहेब मात्र या सगळ्यात विचित्र शांत असत. मी दाखवीन ते बघत, मान हलवत. "पुढे?" म्हणत. उत्साह सगळा माझाच.

मग पणजोबा सापडले. एका ओळीत त्यांचं पूर्ण नाव होतं, आमच्यासारखंच तीन मजली. नाव, मधलं नाव, आडनाव. ते पाहिलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. तोपर्यंतचे सगळे नुसते नाव-आडनाववाले निघाले होते. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. म्हणजे पुढची पायरी आयतीच हातात आली. मी लगेच ते मधलं नाव आणि हे आडनाव धरून शोध घेतला. बरेच निघाले. त्यात पत्र्याचं काम करणारा कोण, ते पाहिलं. एकच निघाला. उत्तरेकडच्या टेकड्यांमध्ये, एका नदीकाठच्या लहान गावी, बादल्या, कंदील आणि दुधाच्या किटल्या बनवणारा.

"सर, घोडं गंगेत न्हालं," असं मी चक्क मराठीत म्हणाले आणि मग इंग्रजीत सांगितलं, "हे तुमच्या पणजोबांचे वडील. आणि हे तुमचं गाव."

"हे तुम्ही कशावरून काढलंत?"

मी समजावून सांगितलं. मधलं नाव, बापाचं नाव, त्याच आडनावाचा, त्याच धंद्याचा माणूस. यात शंकेला जागाच कुठे होती.

साहेबांनी चष्मा काढला. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. इतका वेळ बघत राहिले की माझ्या कपाळावरची टिकली सरकली की काय म्हणून मी हात लावून पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "दाखवा बघू, कसं आहे गाव."

त्यानंतरचे शुक्रवार आम्ही त्या गावात काढले. कॉम्प्युटरवर रस्त्यांची चित्रं असतात, बाण दाबला की एकेक पाऊल पुढे जाता येतं. दगडी पूल. पुलाखाली तांबूस पाणी. एक बेकरी, तिच्या दारात कुत्रा, त्याचा चेहरा कॉम्प्युटरने पुसून टाकलेला. चढावर चर्च, चर्चच्या भोवती कबरी, फाटकापाशी एक नळ. पाऊस नुकताच पडून गेलेला, आणि तो कायमचा नुकताच पडून गेलेला. आम्ही पुन्हा पुन्हा जायचो तरी दगड ओलेच असायचे. साहेब म्हणायचे, "डावीकडे घ्या." मी घ्यायचे. "थांबा जरा." मी थांबायचे. एकदा एका भिंतीपाशी आम्ही नमाज सुटेपर्यंत नुसते उभे होतो. भिंतीत काहीच नव्हतं, शेवाळ होतं.

गाव हळूहळू वर्कशॉपमध्ये उतरायला लागलं. सुट्ट्यांच्या कॅलेंडरशेजारी पुलाचं चित्र लागलं. साहेबांच्या फोनवर दुबईच्या खाली त्या गावाचं हवामान दिसायला लागलं. आमचा जुना वेल्डर सकाळी सलाम ठोकून विचारायचा, "साब, गाँव में बारिश?" आणि साहेब फोन बघून सांगायचे, "हाँ, बहुत बारिश." इथे बाहेर अंड्याचं ऑम्लेट होईल इतका पत्रा तापलेला असायचा. साहेबांनी तिथे बेकरीच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने ठरवल्या. टॅक्सीवाल्याला काय सांगायचं हा प्रश्न मिटला होता.

माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. एका शनिवारी मी बर दुबईत देवळात गेले, मीना बाजारातून ब्लाउजपीस घेतले आणि उगाच अब्रा नावाच्या होडीत बसून खाडीच्या पलीकडे गेले. काम काही नव्हतं. होडीचं इंजिन धडधडत होतं, हवेत दमटपणा इतका की पलीकडचा काठ विरघळल्यासारखा दिसत होता. मला त्या काठावर दगडी पूल दिसला. मग चढावर चर्चऐवजी आमचं देऊळ, पुढे चिंच, आणि पायरीवर बसलेले आजोबा कंदिलाला पत्रा ठोकत होते. होडी काठाला लागली तेव्हा नावाडी "यल्ला, यल्ला" म्हणून मला उठवत होता. मी झोपले नव्हते. मला इतकं बरं वाटत होतं की मी त्याच होडीतून परत आले.

मी साहेबांना आणखी एक सांगून ठेवलं होतं. "इतक्या पिढ्यांनी गावी जाताय, हात हलवत जायचं नाही. आमच्यात पहिल्यांदा जाताना देवीची ओटी भरतात, नारळ देतात. गावाला काहीतरी द्यावं लागतं."

"नारळ चालेल का तिथे?"

"तिथे जे चालतं ते द्या."

त्यांनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाले, झारी. चर्चच्या फाटकापाशी जो नळ आहे तिथे लोक कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला येत असणार. तिथे झारी हवीच. ती पत्रेवाल्यानेच केलेली हवी.

मग साहेबांनी बऱ्याच वर्षांनी स्वतः पत्रा हातात घेतला. मशीनला हात लावला नाही. कातर, लाकडी हातोडा आणि वाकवायला एक लोखंडी नळा, एवढ्यावर काम. जेवणाच्या सुट्टीत ते बसायचे आणि माणसं डबे घेऊन भोवती जमायची. पत्रा आधी जमिनीवर सपाट पडलेला, नुसत्या रेघा मारलेला, आणि बघता बघता तो गोल व्हायचा, कडा कडेत अडकायची, जोडकामाचा डाख वितळून सांध्यात उतरायचा. तोटी मात्र त्यांना पटेना. दोनदा केली, दोनदा मोडली. "माझे वडील असते तर माझ्या डोक्यात घातली असती," म्हणाले. त्या दिवसांत ते आनंदात होते. मी त्यांना शीळ घालताना पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

एका संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरी रंगवून सांगितलं. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, आणि शाळेपासून तिच्या मैत्रिणी देशोदेशीच्या. नवऱ्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

"अगं, पण तू ट्रेस कसं केलंस एवढं मागे?" त्याने विचारलं.

"सिम्पल आहे. मिडल नेमवरून. बापाचं नाव मिळालं की झालं ना."

मुलीने पोळीचा घास हातातच ठेवला. "आई. देअर मिडल नेम इज नॉट द फादर्स नेम."

"म्हणजे?"

"इट कॅन बी एनिथिंग. आजीचं नाव, एखादा अंकल, समवन द पेरेंट्स लाइक्ड. माय फ्रेंड इज नेम्ड आफ्टर हर मॉम्स बेस्ट फ्रेंड. फादर्स नेम इन द मिडल, दॅट्स ओन्ली अस."

वीस वर्षं मी इथे पासपोर्टाच्या कॉप्या काढते आहे. इंग्रज, आयरिश, फिलिपिनो, सगळ्यांच्या. मधल्या नावाशी बापाचं नाव जुळत नाही हे शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलं असेल. पण लहानपणापासून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं म्हणत वाढलेल्या माणसाला मधल्या जागेत बाप सोडून दुसरं कुणी बसू शकतं हे सुचतच नाही. त्या गावचा तो कंदीलवाला साहेबांचा कुणीच लागत नव्हता. कुठल्या तरी परक्या माणसाच्या गावात मी साहेबांना खोल्या घ्यायला लावल्या होत्या.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "ही इज हॅपी. उसको क्या फरक पडता है? खलास."

"फरक कसा पडत नाही? उद्या तो माणूस तिथे जाऊन राहणार. त्याचं शेवटचं राहणं आहे ते."

"सो टेल हिम," मुलगी म्हणाली. तिच्या वयाला सगळंच सोपं असतं.

पुढचे दिवस मी साहेबांकडे नीट बघू शकले नाही. आल्याआल्या सांगावं म्हणून ठरवून जायचे आणि ते हवामान वाचून दाखवत असायचे. शेवटी शुक्रवार आला. मशीनं थांबली, माणसं गेली. साहेब झारीच्या तोंडाला भोकं पाडत बसले होते. खिळा धरायचा, हलका ठोका, पुढचं भोक. मी स्टूल ओढून समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक झाली, गाव चुकीचं आहे, तुमच्याकडे मधलं नाव बापाचं नसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, अजून वेळ आहे, आपण पुन्हा शोधू, मी नक्की शोधून देते.

त्यांनी ओळीतली उरलेली भोकं पूर्ण केली. मग हातोडा बाजूला ठेवला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलंत त्याच मिनिटाला. मी इंग्रज आहे, बाईसाहेब. आमची नावं मला कळतात."

शटरच्या उन्हात त्यांच्या मांडीवर ती झारी होती आणि ते तिच्यावरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. लग्न मोडलं त्या वर्षी त्यांनी स्वतःच हा शोध घेतला होता, माणूस लावून, पैसे भरून. पणजोबांच्या आधीचं कुणी सापडत नाही. तान्हं मूल असताना ते एका मोठ्या शहरातल्या गरिबांच्या आश्रमाच्या दारात सापडले होते. आश्रमवाल्यांनी नाव ठेवलं, मधलं नावही त्यांनीच घातलं, आडनावही. थोडे मोठे झाल्यावर त्यांनीच एका पत्रेवाल्याच्या हाताखाली ठेवलं. पुढे सगळं खानदान पत्र्यात गेलं ते त्यामुळे. वडिलांना हे ठाऊक असणार, म्हणूनच ते मागचं कधी बोलले नाहीत.

"मग ते शहर," मी म्हणाले, "ते तरी..."

"जाऊन आलो. आश्रम पाडून तिथे मोठा रस्ता केला आहे. गाड्या इतक्या जोरात जातात की उभंसुद्धा राहता येत नाही."

"मग त्या दिवशी मला सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला होता. मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की मी आधी भांडते. "मी वेड्यासारखी तुम्हाला पूल दाखवत बसले. तुम्ही मला का नाही थांबवलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते परत घेतलं असतं."

त्यांनी झारी उन्हाकडे धरून भोकं पाहिली.

"नाव लोकांनी दिलं, आडनाव लोकांनी दिलं, धंदा लोकांनी दिला," साहेब म्हणाले. "गाव तेवढं द्यायचं राहून गेलं होतं. चाळीस वर्षांत इथे मला पुष्कळांनी व्हिसा दिला. गाव कुणी दिलं नव्हतं. तुम्ही इतक्या खात्रीने दिलंत की मला वाटलं, घ्यावं." मग ते खाली बघून म्हणाले, "पूल मला खरंच आवडला."

मी ओढणीने डोळे पुसले. लांबून नमाज सुटल्याची गडबड ऐकू यायला लागली, चपलांचे आवाज, गाड्यांचे हॉर्न. साहेबांनी हातोडा उचलला आणि पुढची ओळ पाडायला घेतली. तेवढ्या वेळात मी त्यांना विचारून घेतलं की हे घरी सांगितलं तर चालेल का. ते म्हणाले, नवऱ्याला सांगा, वेल्डरला सांगू नका, तो रोज बारिश विचारतो.

जूनच्या सुरुवातीला ते गेले. विमानतळावर झारी तपासणीच्या मशीनमधून गेली तेव्हा तिथल्या पोराने ती उलटीपालटी करून बघितली आणि हे काय म्हणून विचारलं. "माझ्या गावासाठी," साहेबांनी सांगितलं. मी शेजारी नव्हते, काचेच्या अलीकडून बघत होते. नंतर त्यांनी फोनवर सांगितलं.

आता मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या नव्या शेडमध्ये बसते. इथे मशीनं शुक्रवारीही थांबत नाहीत. ट्रॅफिक भयंकर आहे. घरी आम्ही नवरा-बायको आता मधूनमधून बोलतो, निवृत्त झाल्यावर कुठे जायचं. पुणं म्हणतो, नाशिक म्हणतो, मुलगी म्हणते, "आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर." पूर्वी मी तिच्यावर चिडायचे. हल्ली ऐकून घेते.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत साहेबांचा व्हॉइस मेसेज आला. मागे वाऱ्याचा आवाज होता आणि कुठे तरी मेंढ्या ओरडत होत्या. ते चर्चच्या फाटकापाशी उभे होते. नळाशी एक म्हातारी बाई आली होती, नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला. तिने तिथे ठेवलेली साहेबांची झारी भरून घेतली, साहेबांकडे पाहिलं, हा माणूस इथे नवा दिसतो हे तिच्या लक्षात आलं असावं, आणि तिने विचारलं, तुमची माणसं आहेत का इथे?

"मी म्हटलं, अजून तरी कुणी नाही," साहेब सांगत होते. "पहिला मीच असेन."

मग बराच वेळ नुसता वारा. मला वाटलं मेसेज संपला.

"तिने झारी खाली ठेवली आणि मला भिंतीकडचा एक कोपरा दाखवला. म्हणाली, तिथे जागा मोकळी आहे, आणि संध्याकाळचं ऊन तिथे जास्त वेळ राहतं."